परमुलखातला खांदा

तापीकाठचा माझा मित्र या पौषात गेला. तेव्हापासून नंदुरबारच्या घरी बसून मी आमचे शांघायचे पहिले दिवस आठवतो आहे. लिहायला वेळ लागतो. एक वाक्य झाले की उठून ओटीवर जावेसे वाटते.

आम्ही तिघे होतो, तिघेही खानदेशातले आणि एकाच शाळेतले. मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याने आम्हाला तिथल्या पेढीवर पाठवले होते. मी पत्रव्यवहार बघायचो. तापीकाठचा शेतकऱ्याचा मुलगा, तो कापूस बोटांनी ओढून धागा पारखायचा. नवापूरकडचा ख्रिस्ती मित्र टंकलेखन करायचा. जपानशी लढाई अजून सुरू झाली नव्हती.

पहिल्या सुट्टीला शहर बघायला निघालो ते एकमेकांना चिकटूनच. लहानपणापासून मी दुकानांच्या पाट्या वाचत चालणारा माणूस. तिथे एकही पाटी वाचता येईना. डोळे असून आंधळा झाल्यासारखे वाटे, आणि कोणी मागून धावत आले की छातीत धस्स होई.

जुन्या शहराच्या तोंडाशी वाद्यांचा आवाज आला. पांढऱ्या कपड्यांतली माणसे रडत येत होती. मागे जाड लाकडाची मोठी पेटी, ती दांड्यांना टांगलेली, आणि दांड्यांखाली वीसेक माणसे. तापीकाठचा थांबला. त्याने पायांतले जोडे काढले.

"कोणी तरी मरी गयं. जोडा धर मन्हा."

"अरे, आपला काय संबंध शे?" मी म्हणालो.

"मढं दखीसन तोंड फिराऊ का? चार पावलं तं चालनं पडस."

आमच्याकडे वाटेत प्रेत दिसले की ओळखीपाळखीचा प्रश्न नसतो. माणूस अनवाणी होऊन खांदा देतो आणि बाजूला होतो. तोही तसाच गेला. पण ते भाडोत्री वाहणारे होते, प्रत्येकाची जागा ठरलेली. एकजण त्याच्यावर ओरडला. तेवढ्यात म्होरक्याने टिपरी वाजवली आणि सगळे झपाझप चालू लागले. दोन दांड्यांच्या मध्ये सापडलेल्या माझ्या मित्राला बाहेर निघता येईना. पेटी गल्लीत वळली आणि तो दिसेनासा झाला.

कोपऱ्यावर इंग्रजांच्या वसाहतीचा एक शीख पोलीस उभा होता. मी मोडक्या हिंदीत सांगितले. त्याने मान हलवली. "मेरी हद यहीं तक है, बाबू."

नवापूरकडचा म्हणाला, "चल. उभा राहिलास तर वाट हरवेल."

त्याचे जोडे काखेत मारून मी निघालो. प्रेतयात्रेतल्या कोणीतरी वाटभर पांढऱ्या कागदाचे गोल तुकडे उधळले होते. ते बघत आम्ही गेलो. गल्ली अरुंद होत गेली. वरून वाळत घातलेले कपडे, दारात बसलेली माणसे आमच्याकडे बघून गप्प होणारी. एका वळणावर कागद संपले, तेव्हा मला वाटले की आता त्याच्या घरी मला काय कळवावे लागणार आहे. मग नवापूरकडच्याला पुढे नाल्यात एक तुकडा तरंगताना दिसला.

एका चौकात पेटी बाकांवर टेकवलेली होती. मित्र भिंतीला पाठ लावून उभा, भोवती माणसे. पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा त्याच्यापुढे खडीसाखरेसारखा खडा धरून होता आणि मित्र हात मागे बांधून मान हलवत होता. म्हाताऱ्याचा आवाज चढत होता. वाहणारे जवळ सरकले.

"घे ना," मी म्हणालो.

"सुतकना घरनं कसं खाऊ? आंघोळ बी नही शे."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. म्हाताऱ्याचे डोळे लाल होते, हे मला तेव्हाच दिसले. तो रागावला होता की रडत होता, कळत नव्हते. एका वाहणाऱ्याने मित्राची कॉलर धरली.

नवापूरकडचा हळूच म्हणाला, "तुझा उपकार अंगावर ठेवायचा नसेल त्यांना. मोकळं कर त्यांना."

मित्राने माझ्याकडे बघितले. असे बघणे मी पुन्हा कधी पाहिले नाही. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, खडा घेतला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. म्हाताऱ्याने कमरेत वाकून नमस्कार केला. कॉलर सुटली. टिपरी वाजली आणि पेटी उचलली गेली.

आम्ही न धावता निघालो, कारण धावायची भीती वाटत होती. दोघांनी त्याचे दोन हात धरले होते. तो खडा गालात धरून चालत होता, गिळत नव्हता. नवापूरकडच्याने विचारले, "काय रे, विष आहे का?"

"गोड शे," तो म्हणाला, आणि तिथेच भिंतीशी बसून रडू लागला. कोण मेले होते ते त्यालाही ठाऊक नव्हते. आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना बसलो. येणारेजाणारे आमच्याकडे बघून, आवाज कमी करून, वाट सोडून जात होते.