इरजिकीच्या पानावर माझा गुलाबी रंग

माझं शिक्षण तिसरीपर्यंत झालं. चौथीत जायच्या आधी गुरुजींच्या सायकलची हवा कोणी सोडली याची चौकशी निघाली आणि मी त्या पोराचं नाव सांगायला साफ नकार दिला. नाव माझंच होतं. बापानं दुसऱ्या दिवशी हातात कासरा दिला. तेव्हापासून सत्तरी उलटेपर्यंत शाळेत गेलो तो फक्त मत टाकायला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बाजारात बैलाचे दात पाहून भलतंच वय सांगणारे पदवीधर मी पाहिले आहेत. ते बैलाकडे बघत, बैल त्यांच्याकडे बघे, आणि दोघांत शिकलेला कोण हे बाकी बाजाराला कळे.

अशा मला म्हातारपणी पुन्हा वर्गात बसावं लागलं, ते कॉम्प्युटरमुळे.

आमचं गाव आंजीपासून हाकेवर. माझी नात गावच्या शाळेत सातवीला. तिच्या मॅडमनी अल्लीपूरकडच्या एका शाळेशी सोयरीक जुळवली होती. सोयरीक म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर एकच पान, आणि ते दोन्ही शाळांत एकाच वेळी उघडं. इकडच्या पोरींनी ओळ लिहिली की तिकडे दिसते, तिकडच्यांनी खोडली की इकडून जाते. दोन्ही वर्गांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून, एकमेकांचं तपासून, एका विषयावर लिहायचं. विषय होता इरजिक.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याचा बैल मेला, कोणाचा हात मोडला, वावर नांगरायचं राहिलं, की गावातले लोक आपापली जोडी घेऊन त्याच्या वावरात उतरत. वीस-वीस नांगर चालले की एका दिवसात वावर उलथं होई. पैसा नाही, हिशेब नाही. दिवस मावळला की त्या घरी सगळ्यांचं जेवण. ट्रॅक्टर आले आणि इरजिक गेली. एवढंच.

एका संध्याकाळी नात ओसरीत बसून मोबाइलवर ते पान मोठ्यानं वाचत होती. "इरजिक म्हणजे जेवणाच्या बदल्यात लोकांकडून शेत नांगरून घेण्याची जुनी पद्धत."

माझा चहा नाकात गेला.

"कोणं लिवलं हे?"

"अल्लीपूरवाल्यांनी."

"माह्या बापाले पोटभऱ्या म्हणून राह्यले काय ते?"

"आबाजी, तुमच्या बापाचं नाव कुठी आहे त्याच्यात?"

"नाव कायले पाह्यजे? चार पोळ्यांसाठी नांगर धरला, असंच झालं ना?"

मग तिनं सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हे पान दोन्ही गावच्या लोकांना दाखवायचं आहे, आणि नंतर ते तसंच ठेवायचं. पुढच्या वर्षीची पोरं तेच वाचून शिकणार. म्हणजे मी गेल्यावर गावातली पोरं माझ्या बापाला जेवणावर राबणारा म्हणणार, आणि तेही परीक्षेत, मार्क घेऊन. इरजिकीत नांगर धरलेला गावात मी एकटा उरलोय. हे वाक्य मी नाही काढलं तर कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेलो. मॅडम वर्ध्याहून स्कूटीवर येतात. माझ्या धाकट्या पोरीच्या वयाच्या असतील. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, "आबाजी, एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं हे नाही. सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि करता करता एकमेकांकडून शिकायचं."

"म्हणजे इरजिक."

मॅडमनी वळून ते फळ्यावर लिहिलं. मी खुर्चीत दोन बोटं उंच झालो.

भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यात एका बाजूला ते पान आणि दुसऱ्या बाजूला अल्लीपूरकडचा वर्ग, जिवंत, नाक पुसणारा. पानावर रंगीत खुणा फिरत होत्या. कोणी निळा, कोणी हिरवा. कोणी काय लिहिलं आणि किती लिहिलं, ते त्यावरून कळतं म्हणाले.

"हे काही बरं नाई," मी म्हणालो. "इरजिकीत कोणी तास मोजत नाई. माह्या नांगरानं दहा तास काढले अन् तुह्या नांगरानं आठच, असं जो म्हणे त्याले पुढच्या साली कोणी बलावत नव्हतं."

तास म्हणजे नांगरानं वावरात काढलेली ओळ, घड्याळातला नव्हे. मॅडमनी मान डोलावली. मी घसा साफ केला.

"बरं, माहा रंग कोणता?"

नात फिसकन हसली. पण मला रंग मिळाला. गुलाबी. बदलून मागितला तर म्हणे मशीनच देते. एवढ्या मोठ्या मशीनला माणूस पाहून रंग देता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नुसतं बोला आबाजी, हे आपोआप लिहील."

"नुसतं बोलून तं सरपंचही काम करते," मी म्हणालो. "मी हातानं लिवतो."

पुढं जे झालं त्यात माझी चूक होती असं मी आजही म्हणत नाही. वावर बिघडलं असेल तर त्याला ठिगळं लावत नाहीत, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पुन्हा नांगर घालतात. मी शेजारच्या पोरीला विचारलं, पुरं पान एकदम कसं धरायचं. तिनं बिचारीनं दाखवलं. खोडायचं बटण मला आधीच ठाऊक झालं होतं.

पान पांढरं झालं. दोन आठवड्यांचं काम, दोन्ही शाळांचं. टीव्हीतून ओरडा सुरू झाला.

"आमचं पान गेलं!"

"गुलाबीनं खाल्लं!"

"हा गुलाबी कोण आहे बे?"

नात माझ्याकडे पाहतही नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मात्र माझं धोतर सैल झालं. मॅडमनी शांतपणे दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि पान जसंच्या तसं परत आलं. मशीन म्हणे जुनी सगळी पानं सांभाळून ठेवते, हवं त्या दिवसावर मागं जाता येतं.

"हे मागं जाणं फक्त पानावरच जमते काय?" मी विचारलं.

"सध्या तरी पानावरच," मॅडम म्हणाल्या.

आता तिकडच्या सरांनी विचारलं की आजोबांना एवढा राग कशाचा आला. मी ते वाक्य दाखवलं. सर हसले आणि त्यांनी कॅमेरा दाराकडे फिरवला. दारात एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर तांदळाचं सूप. तिची सून त्या शाळेत पोरांची खिचडी रांधते आणि ही तांदूळ निवडायला येते.

"म्याच सांगतलं थे," म्हातारी म्हणाली.

"तुमाले काय माहीत बाई? नांगर धरला होता काय कधी?"

"नाई. म्या तवा धरला."

तिकडची पोरं खिदळली. इकडचीही. माझी नातसुद्धा.

"सहा इरजिकी झाल्या आमच्या घरी," ती सूप पाखडत म्हणाली. "तुमच्यासारखे वीस-वीस मिशीवाले पंगतीले बसत. जेवण नसतं तं आले असते काय, भाऊ?"

"आलो असतो!"

"मंग सांगा ना, कोण्या इरजिकीतून उपाशी परत गेलते?"

मी उत्तर द्यायला बोट वर केलं होतं. त्याच बोटानं चष्मा वर सरकवला.

"अन् थ्या पोळ्या काय आभाळातून पडत? दोन दिवस आधी जातं सुरू होये. नांगराचे तास मोजत नव्हतो म्हणता. बरं केलं. आमच्या पोळ्या तरी कोणं मोजल्या? तुमच्या घरी झाली असंल ना इरजिक. कोणं रांधलं?"

"घरच्यांनी."

"एकटीनं?"

मी म्हणालो की मला वावरात काम आहे, आणि उठलो. वावरात काही काम नव्हतं.

आमच्या घरी इरजिक एकदाच झाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, माझा एक बैल दगावला होता. सतरा नांगर आले होते. आजही ते सतराच्या सतरा मी सांगू शकतो, कोणाचा बैल बांडा, कोणाचा एका शिंगाचा, कोण धुऱ्यावर बिडी ओढत बसला. पण चुलीपाशी माझ्या बायकोच्या जोडीला कोण होतं, ते आठवेना. रात्र गेली, सकाळ गेली, आठवेना. आठवलं ते एवढंच, की शेवटच्या पंगतीला पुरण कमी पडलं आणि मी चारचौघांत तिच्यावर डाफरलो होतो. ती स्वतः जेवली की नाही, हे मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. तिला जाऊन आठ वर्षं झाली.

मी दुसऱ्या दिवशी न बोलावता शाळेत गेलो. टीव्हीत म्हातारी होतीच.

"बाई, तुमचं वाक्य चुकलं," मी सुरुवात केली.

"तुमचंही," ती म्हणाली.

मग दोन्ही वर्गांनी मिळून ते वाक्य घडवलं. कोणी शब्द घाली, कोणी काढी, म्हातारी तिकडून ओरडे, मी इकडून. जेवणाच्या बदल्यात हे शब्द गेले. गडीमाणसं नांगर धरत आणि बाया चूल, आणि मजुरी दोघंही मागत नसत, असं झालं. तिथं मी थांबा म्हणणार होतो. तेवढ्यात अल्लीपूरकडच्या एका पोरीनं पुढं लिहिलं, "पण नंतर गोष्टी फक्त नांगरांच्या सांगितल्या गेल्या." खोडायला माझं बोट शिवशिवलं. नात माझ्या बोटाकडे पाहत होती. मी बोट धोतरात लपवलं.

मॅडम म्हणाल्या, "आता उदाहरण हवं. कोणाच्या घरी कोणी रांधलं, नावासकट."

म्हातारीनं पटकन स्वतःचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं, दोन जावांचं सांगितलं. मग सगळे माझ्याकडे वळले.

आता ही अडचण शिकलेल्यांना कळायची नाही. बेचाळीस वर्षं संसार केला, मी तिचं नाव तोंडानं घेतलं नाही, तिनं माझं घेतलं नाही. वावरातून हाक मारायची तर "ऐकलं काय वं," एवढीच. आमच्याकडे तीच रीत. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही मी उखाणा अर्धा टाकून पळालो होतो.

"बोला आबाजी, मशीन लिहील," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"बोलत नसतो," मी म्हणालो. "सरका."

तीन अक्षरांचं नाव. माझ्या बोटांना एक-एक अक्षर शोधावं लागत होतं, तोवर दोन्ही गावं थांबली होती. पहिलं अक्षर उमटलं तशी तिकडची म्हातारी सूप पाखडायची थांबली. काना राहिला, तो नातीनं दाखवला, पण बटण मीच दाबलं. शेवटच्या अक्षराला डोळे भरले होते की चष्म्यावर घाम आला होता, याचा निकाल मी लावलेला नाही. नाव झालं. पानाच्या मधोमध, गुलाबी.

"काय भाऊ," म्हातारी म्हणाली, "एवढं सोपं होतं तं बेचाळीस वर्सं कायले लावली?"

शनिवारपर्यंत पोरं घरोघर फिरली आणि नावांची रांग लांबत गेली. शनिवारी शाळेत गाव जमलं. बापे चष्मे पुसत टीव्हीवर स्वतःचं नाव शोधत होते आणि त्यांना सापडत होती बायकोची, नाही तर मायची. माझ्या बापाचं नाव कुठं नव्हतं, आणि तो पोटभऱ्या होता असंही कुठं नव्हतं.

घरी जाताना नात म्हणाली, "आबाजी, पुऱ्या पानात तुमचं लिवलेलं किती आहे, दाखवू?"

"इरजिकीत कोणी तास मोजत नाई," मी म्हणालो.

फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो.

"किती आहे?"

"एक शब्द."

"असू दे," मी म्हणालो. "तेवढा तास सरळ आला का, थे पाह्यजो."