घसरणारा पट्टा

मशीनवाला मुळातच भित्रा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, तरी बटण दाबताना तो अजून एक पाऊल मागे सरकायचा. यांची सावलीसुद्धा आधी दाराबाहेर डोकावून बघते, असं बायको चिडवायची.

या खेपेला मात्र भीतीला कारण होतं. टेबलावर हातभर लांबीची बोट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना लावायची, पाणी मागे सारणारी पात्यांची लाकडी चाकं. चाकं थोरल्या भावानं, दादानं, कोरली होती. त्यानंतर दादाची नजर गेली. आता अशी चाकं पुन्हा होणे नाही, हे मशीनवाल्यानं मनाशी धरूनच टाकलं. एक पातं तुटलं तरी दादाच्या हातचं शेवटचं काम गेलं.

म्हणून मोटर काही ठरेना. गाडीच्या वायपरची मोटर ताकदीची, पण तिच्या वजनानं बोट तळ गाठणार. खेळण्यातली हलकी, पण अशी सुसाट की चाक पाणी ढकलायचं सोडून नुसतं उडवत बसेल. दुकानदारानं गिअरची मोटर दाखवली. हलकी, संथ, जोरकस. हीच योग्य, हे मशीनवाल्यालाही कळलं. पण चाकात शेवाळ अडकलं तर गिअर थांबणार नाही, पाती कडाकड मोडतील. शेवटी त्यानं आपली जुनी वाट धरली. छोटी मोटर, मोठी कप्पी आणि मध्ये शिलाई मशीनचा रबरी पट्टा. कापड अडकलं की पट्टा घसरतो, म्हणून सुई वाचते. पट्टा त्यानं मुद्दाम जरा सैलच ठेवला. वर बोटीला शिलाईचा जाड दोराही बांधला.

तळ्याकाठी दादा बाकावर कान देऊन बसला. चाकांची छपछप सुरू झाली आणि त्याचा चेहरा खुलला. मशीनवाला रीळ धरून उभा. थोड्या वेळानं छपछप थांबली, मोटरची घरघर तेवढी उरली.

"अडकली का रे?" दादानं विचारलं.

"पट्टा ओला होऊन घसरला. चाकं शाबूत आहेत." दोरा गुंडाळत त्यानं बोट ओढून घेतली.

"गिअरची मोटर नव्हती मिळत?"

त्याला खोटं बोलवेना. "होती. पण चाक मोडलं असतं तर, दादा?"

"तर दुसरं केलं असतं." दादा बाकावरून उठला. "माझे हात संपले, हे मला न विचारताच ठरवलंस तू."

मशीनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना वाटेतच त्यानं गिअरची मोटर घेतली. घरी आल्यावर दादानं लाकडाची फळी मागितली, मग पटाशी. डाव्या अंगठ्यानं त्यानं लाकूड चाचपलं आणि पटाशीची धार नेमकी त्या अंगठ्याशेजारी टेकवली.  मशीनवाल्याचा हात दादाच्या मनगटाकडे गेला, पण अर्ध्यावरून वळून फळीवर आला.

"मी धरतो," तो म्हणाला.

"धर. पण सैल नको."

मशीनवाल्यानं डोळे गच्च मिटले आणि फळी घट्ट धरली.