मिक्सरपुढचा पाट

मालवणला घरी गेलो की मिक्सरवर रोजचं ओल्या खोबऱ्याचं वाटप मी वाटतो. त्या दिवशी मिक्सरच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झटका बसला. आई शांतपणे म्हणाली, "पाटार उभो रव, नायतर झणझणता." ओट्यापाशी लाकडी पाट ठेवलेलाच होता. त्यावर उभी राहून ती रोज मिक्सर लावत होती.

माझं डोकं फिरलं. पत्र्याला टेस्टर टेकवला तर आतला दिवा पेटला. तेवढ्यात आई ओल्या हातांनी भांडं उचलायला पुढे आली. तिच्यावर ओरडलो आणि मेन स्विच पाडला. मिक्सर खोलला, तर आत नारळाचं पाणी झिरपून एका वायरचं आवरण कुजलं होतं आणि ती पत्र्याला टेकली होती. पण असा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा होता. मी प्लग उलटा करून पाहिला. अर्थिंगची जाड पिन करवतीने कापलेली होती.

"ह्या खंयच्या गाढवाचा काम?"

आई खोबरं खवत राहिली.

"तुझाच रे. नवो मिक्सर हाडलंस, तेची पिन जुन्या बोर्डात जायना, म्हणान कापलंस. आणि दुसऱ्या दिवशी मुंबैक गेलंस."