भट्टी निवली तेव्हा

काचेच्या कारखान्यात त्यांना सगळेच ताई म्हणत, वयाने मोठे कारागीरसुद्धा. वडील गेल्यावर ताईंनी कारभार हातात घेतला आणि धाकट्या भावाने फुंकनळी. तो प्रयोगशाळांसाठी चंबू फुंकायचा. त्याच्यासारखा हात आसपास कोणाचा नव्हता. दोघांचं वाजायचं ते राजकारणावरून. ताई सरकारच्या कट्टर बाजूच्या, आणि भावाला सरकारचं काही म्हणजे काही पटायचं नाही. ताई चिडल्या की तो हसून विषय बदलायचा.

मग समुद्रापलीकडे युद्ध पेटलं. गॅसची जहाजं यायची थांबली. सरकारने जाहीर केलं, गॅस आधी घरांना, दवाखान्यांना आणि खतांच्या कारखान्यांना. उरला तर बाकीच्यांना. पण काचेची भट्टी विझवून चालत नाही. ती निवली की काच वितळवायचं आतलं भांडं तडकतं आणि भट्टी कामातून जाते.

"ताई, आपण सगळे कारखानदार मंत्र्यांना भेटू या," भाऊ म्हणाला. "काम बंद ठेवू, पण भट्टी गरम राहील एवढा तरी गॅस मागू."

"लोकांच्या घरात गॅस नाही आणि तुला भट्टीचं पडलंय?"

"घरांचा कोण मागतंय? तू आलीस तर ते ऐकतील. तुला पक्षात मान आहे."

"मी येणार नाही. तूही जायचं नाहीस."

"मी तर जाणार."

"जा मग! देशद्रोही कुठला!"

सगळे कारागीर बघत होते. नेहमीसारखा तो हसेल, असं ताईंना वाटलं. त्याने फुंकनळी भिंतीला टेकवली आणि तो कारखानाच सोडून निघून गेला. पुढाकार घेणारा तोच नसल्याने मंत्र्यांकडे शेवटी कोणीच गेलं नाही.

गॅस बंद झाला. ताई भट्टीपाशी खुर्ची टाकून बसल्या. आत भांडं तडकल्याचा आवाज आला तशी त्यांनी सवयीने मागे वळून भावाला हाक मारली. मागे कोणी नव्हतं.

पुढे कळलं, शेजारच्या जिल्ह्यातले कारखानदार मंत्र्यांना भेटले होते. त्यांना भट्ट्या गरम ठेवण्यापुरता गॅस मिळाला होता. देशद्रोही वगैरे कोणी म्हटलं नाही; उलट मंत्र्यांनी चहा पाजला.

युद्ध थांबल्यावर ताई भावाला शोधत गेल्या. दूरच्या शहरात तो दिव्यांच्या दुकानात विक्रेता झाला होता.

"चल घरी," ताई म्हणाल्या.

"राग नाही गं ताई. पण सगळ्यांसमोर बोललीस."

"मग सगळ्यांसमोरच माफी मागते."

"सगळे आहेत कुठे आता?"

ते खरंच होतं. कारखाना बंद पडला तसे कारागीर पोटामागे पांगले होते. भावाने ताईंना जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं. परत यायचं मात्र नावही काढलं नाही.

ताईंचं मत अजून तेच आहे. "घरांना आधी दिलं ते बरोबरच केलं," त्या म्हणतात. आणि जरा थांबून, हळू आवाजात, "पण मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं."