तितं राहिलं की येतीच

माझ्या रशियनच्या क्लासखाली एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. जिना चढणारं पोरगं दिसलं, की ते पेशंटची नाडी सोडून त्याला हटकतात, "आरं, भाषा कुटं फळ्यावर येती का? तितं राहावं लागतंय की!"

ते स्वतः सहा वर्षं रशियात राहून डॉक्टर झाले. तिथली केसाळ टोपी सोलापूरच्या उन्हाळ्यातही त्यांच्या टेबलावर असते. रशियन मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बोलून दाखवा म्हटलं, की म्हणतात, "आतून येती ओ मॅडम, उगंच सांडायची न्हाय." आठवणी सांगतात त्या एका रशियन म्हातारीकडची भाड्याची खोली, त्यात दाटीनं राहणारी पाच सोलापुरी पोरं आणि घरून येणारी शेंगाचटणी यांच्याच.

परवा त्या घरमालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. डॉक्टर फोन घेऊन थेट माझ्या वर्गात. "बोला की मॅडम. बघू, फळ्यावरचं तिला कळतंय का!"

पोरांनी माना वर केल्या. माझी अब्रू पणाला लागली होती. एकेक विभक्ती सांभाळत मी शुद्ध रशियनमध्ये नमस्कार केला, तब्येत विचारली.

म्हातारीनं चष्मा सारखा केला.

"बरी हाय की. तुमी कोन? आन् ह्यो येळेवर जेवतो का न्हाय?"

डॉक्टरांची छाती फुगली.

"बघा मॅडम! सा वर्सं संगं राहिलो, आली का न्हाय भाषा?"