देव्हाऱ्यातला दिवा मीच जोडला होता

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. देवापुढं तर अवाक्षर काढलेलं नाही – देवापुढं उभं राहायचीच मला भीती वाटते, आणि का वाटते ते पुढं येईलच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय पुरते.

भोरच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संस्थानचे दिवस होते, आणि युद्धाचेही. माझं लग्न व्हायचं होतं. घरात आई, थोरला दादा, शेवंतावहिनी आणि त्यांची चिमुरडी कुसुम. दादा बहुतेक किकवीच्या शेतावर असे, घर वहिनी बघायची. मला जेवायला उशीर झाला तर ती भाकरी चुलीपाशी झाकून ठेवायची आणि वर टोमणाही मारायची. माझ्यावर तिचा जीव होता – हे लिहिताना हात अडतोय, पण लिहायला हवं.

आमच्या आळीत तेव्हा नुकती वीज आली होती. वीजघरातल्या रहिमानभाई वायरमननं दोन दिवे लावून दिले, एक पडवीत, एक माजघरात. जाताना त्यांनी बजावलं होतं, "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. काय बिघडलं, काय वाढवायचं झालं, तर मला हाक मारा." मी मान डोलावली. मनात मात्र हसलो. सायकलचे दिवे जोडण्यात माझा हात धरणारा भोरात कोण होता?

रॉकेल मिळेनासं झालं होतं. देवघर आतल्या अंगाला, दिवसाही अंधारं. आई म्हणाली, "देवीपुढं बी इजेचा दिवा पायजे." रहिमानभाईंना बोलवायचं, म्हणजे वीजघरात सांगायचं, मंजुरी घ्यायची. कशाला? मी माजघरातल्या दिव्यावरून तार ओढली. एक दिव्यापर्यंत पोचली, दुसरी देव्हाऱ्यापाशीच संपली. पण सायकलच्या दिव्याला तरी कुठं दोन तारा लागतात? एकच तार जाते, दुसरीचं काम सायकलचं लोखंड करतं. मी तेच केलं. दुसऱ्या तारेचं उरलेलं काम देव्हाऱ्याच्या पितळी पत्र्यावर सोपवलं. बटण दाबलं, दिवा लागला. आईनं माझी अलाबला घेतली. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा दिसतो, हे त्या दिवशी मला बघून कळलं असतं.

त्याच पत्र्याला टेकून देवीचा पितळी मुखवटा असे.

दोनेक दिवसांनी वहिनी पडवीत आली. म्हणाली, "भावजी, देवीला हात लावला की मुंग्या येत्यात. तुमी बघा की जरा."

मला त्याच क्षणी कळलं. हे मी आजवर स्वतःपाशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं – मला कळलं होतं. पण रहिमानभाई येणार, सगळ्यांदेखत माझी अक्कल काढणार, कदाचित घरची वीजच तोडणार, हे डोळ्यांपुढं आलं. आणि मी हसत म्हणालो, "वहिनी, देवी जागृत झाली. तुमची भक्ती पावली."

चेष्टाच होती. पण आईनं ती ऐकली आणि खरी मानली. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका ओट्या घेऊन दारात. पूजेला बसायच्या लाकडी पाटावर एकेकीनं टेकायचं, मुखवट्याला बोट लावायचं, आणि शहारून हात जोडायचे. पाट होता म्हणून ते मुंग्यांवर निभावत होतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी फक्त दारात उभा राहून प्रत्येकीच्या हाताकडं बघत होतो. हात मागं आला की माझा श्वास सुटायचा.

मी गप्प का राहिलो? आता काय सांगणार होतो – की देवी नाही, ती माझी तार आहे? एकदा रहिमानभाई दुकानात हवा भरायला आले. चाकाशी वाकलो असताना त्यांनी विचारलं, "दिवं बरं हायेत न्हवं घरचं?" शब्द ओठांपर्यंत आले होते. मी म्हणालो, "बेस हायेत." ते गेले. वळणावर त्यांची सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो, हाक मारली नाही.

रात्री सगळे निजले की काढून टाकू, असं रोज म्हणायचो. पण दिवा गेला तर आई विचारेल. मुंग्या थांबल्या तर आळी विचारेल. मग उद्या. मग नवरात्र होऊन जाऊ दे.

घट बसायच्या दिवशी सकाळी वहिनीनं देवघर शेणानं सारवलं. जमीन ओली होती, म्हणून पाट बाहेर उभा करून ठेवलेला. ती नुकती न्हालेली, केसांतून पाणी गळत होतं. मुखवटा उजळायला तिनं दोन्ही हातांनी उचलायला घेतला.

मी पडवीत होतो. तांब्या पडल्याचा आवाज आला. तिचा आवाज आलाच नाही.

मी धावत जाऊन आधी बटण बंद केलं. ते बरोबरच केलं. पण तिला सोडवायला केलं की दिवा लपवायला, ते मला आजही सांगता येत नाही. बायकांनी तिला पडवीत नेलं. कुणीतरी म्हणालं, "अजून धुगधुगी हाय, डाक्टरला आना." आळीत सायकल माझ्याकडं. माझ्या नावानं हाका चालल्या होत्या, मला त्या ऐकू येत होत्या. मी देवघरात होतो. देव्हाऱ्यामागची तार उपटून खिशात कोंबत होतो.

शेवटी कुणीतरी पायीच पळालं. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

आता खरी गोष्ट. आतापर्यंत सांगितलं ते चुकून झालं, असं तुम्ही म्हणू शकाल. पुढचं तसं नाही.

जागृत देवीनं घरची सून का घ्यावी? बायकांनी त्याचं उत्तर काढलं आणि आईनं ते उच्चारलं – विटाळात शिवली असंल. संध्याकाळपर्यंत 'असंल' गळून पडलं. वेल्ह्याहून वहिनीचा बाप आला, डोंगर उतरून, चिखलानं भरलेल्या पायांनी. त्याला हेच सांगितलं गेलं. त्या म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून माझ्या आईच्या पायांशी ठेवलं आणि म्हणाला, "पोरीचं चुकलं. पदरात घ्या." पोरगी समोर आडवी होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तार माझ्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

त्यानंतर मुंग्या थांबल्या, देव्हाऱ्यातला दिवाही लागेना. आई म्हणाली, देवी कोपून निघून गेली. दादानं दुसरं लग्न केलं नाही. बायकोचं नाव निघालं की तो उठून जायचा. त्याला तिची लाज वाटत होती. मरेपर्यंत वाटली.

कुसुम माझ्या अंगाखांद्यावर वाढली. "तुझ्या आईला साधा विटाळ पाळता आला न्हाई" हे ऐकत वाढली. ती देवघरात कधी गेली नाही. आता तिचे केस पांढरे झालेत, विटाळाचं वय कधीच सरलं, तरी नवरात्रात येते तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबते. हात पाठीमागं बांधून घेते, चुकून कशाला लागू नये म्हणून.

परवाही तशीच उभी होती. म्हणाली, "काका, परसाद तुमीच द्या. तुमचा हात सोवळा हाय."

मी दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून माझ्या पाया पडली.