मागच्या वेळेबद्दल

लिफ्टचं दार पायाने अडवून ते आधी किंचित वाकायचे आणि म्हणायचे, “मागच्या वेळेबद्दल आभार, शेजारी.” मग पाय काढायचे, मग लिफ्ट वर जायची. आत कुणी ऑफिसच्या घाईत घड्याळ बघत असलं तरी.

पहिल्यांदा मी गडबडलो. मागच्या वेळी मी असं काय केलं होतं? आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे गृहसंकुलाच्या, पोहण्याच्या तलावापाशी उभं राहून आम्ही उकाड्याबद्दल बोललो होतो, इतकंच. त्यांनी समजावून सांगितलं, डेन्मार्कात असंच म्हणतात. माणूस पुन्हा भेटला की आधीच्या भेटीचे आभार मानायचे, मग पुढचं बोलायचं. मला गंमत वाटली. आपल्याकडे ‘मागच्या वेळी’ म्हटलं की पुढे तक्रार येते.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. नाव माहीत नसेल, आणि मी सांगणारही नाही. पण इंग्रजी चित्रपटांत तो उंच, फिकट डोळ्यांचा, एका भुवईत व्रण असलेला रशियन आठवतो ना, मध्यंतराआधी मरणारा? तेच. कधी जर्मन, कधी माथेफिरू स्वीडिश शास्त्रज्ञ. विमानातून पडून, पाण्यात बुडून, एकदा तर कारंज्यात विजेचा धक्का बसून ते मेले होते. “माझ्या देशात मी हॅम्लेटसुद्धा केलाय,” ते म्हणायचे, “पण देशाबाहेर मला कुणी डेनिश माणूस होऊ दिलं नाही.” एका हिंदी चित्रपटात ते घोड्यावरचे गोरे साहेब होते. त्यातलं “ले जाओ इसे!” हे एकच वाक्य त्यांना पाठ होतं. लिफ्टमध्ये माझी मुलगी दिसली की ते गरजायचे, “ले जाओ इसे!” ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणायची, “अंकल सो ड्रॅमॅटिक लाह,” आणि हसत बाहेर पडायची.

त्यांची बायको वारल्यावर ते बुकित तिमाहला, आमच्याच इमारतीत, लेकीकडे राहायला आले होते. लेक त्याच शहरात, बुओना व्हिस्टाला, संशोधनाच्या कामात. दिवसभर हा माणूस एकटा आणि अस्वस्थ. एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. तलावाभोवती फेऱ्या, पार्किंगमध्ये फेऱ्या, ओठ हलतायत, हात मध्येच उगारलेला. नवा वॉचमन त्यांना वेडा समजला होता. आमच्याकडे जेवायला आले तरी ताट हातात घेऊन हॉलमधून फिरायचे. माझ्या बायकोच्या थालीपिठावर ते डब्यातून आणलेला खारवलेला हेरिंग मासा ठेवून खायचे. “माझ्या भांड्यांना तो लागू देऊ नका,” बायको म्हणायची. ते थालीपीठ वर धरून म्हणायचे, “आमच्या काळ्या पावाची ही सख्खी बहीण आहे, मॅडम. तिला माशाची ओळख नको का व्हायला?”

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो. बायकोला यातलं अर्धं माहीत आहे.

हल्ली नट ऑडिशनला जात नाहीत. घरीच भिंतीसमोर उभं राहून फोनवर प्रवेश चित्रित करायचा आणि ती ‘टेप’ लंडनला एजंटकडे पाठवायची. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचावी लागतात. लेकीला वेळ नव्हता. मी पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका केल्या होत्या, हे मी एकदा बढाई मारत सांगून बसलो होतो. रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. “मागच्या वेळेबद्दल आभार. तू वाचशील?”

त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. नटाने त्या फुलीवर उभं राहायचं. इतका चळवळ्या माणूस फुलीवर पाय ठेवला की खांबासारखा स्थिर व्हायचा. मी बघतच राहायचो.

नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. “तू नट नाहीस. तू भिंत आहेस. सपाट वाच. आणि मी अडलो तर गप्प राहा. कितीही वेळ. एक शब्दही सुचवायचा नाही.”

“पण का? थोडी मदत केली तर काय बिघडलं?”

ते फुलीवरून उतरून खिडकीपर्यंत गेले, परत आले. “माझी आई विसरायला लागली तेव्हा सगळ्या घराने तिला सांभाळून घेतलं. ती वाक्य सुरू करायची, आम्ही पूर्ण करायचो. इतकं छान, की आपण विसरतोय हे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला कुणाचा निरोप घेता येईना. मला कळायला हवं, शेजारी. घरचे प्रेमाने खोटं बोलतात. टेप बोलत नाही. ज्या दिवशी टेपवर दिसेल, त्या दिवशी मी स्वतः थांबणार.”

मी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

काही महिने मी भिंत होतो. मग एका मोठ्या भूमिकेसाठी विचारणा आली. एका मालिकेतला बोटीचा कप्तान, त्याच्यावर खटला चालू आहे. ते पार्किंगमधूनच मला ओरडून सांगत होते, “डेनिश! शेजारी, कप्तान डेनिश आहे! आणि शेवटपर्यंत जिवंत आहे!” त्या दिवशी त्यांनी तलावाभोवती किती फेऱ्या मारल्या देव जाणे.

प्रवेश साधा होता. मी वकील. मी म्हणायचं, “बोला.” त्यांनी म्हणायचं, “त्या रात्री मी बोटीवर नव्हतोच.”

मी म्हणालो, “बोला.”

ते बोलले नाहीत. फिकट डोळे माझ्याकडे लागले होते आणि त्यांत काहीच नव्हतं. कप्तानही नव्हता, तेही नव्हते. विसरलेल्या नटाचा चेहरा मी ओळखतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझा जोडीदार असाच थिजला होता, आणि मी त्याचं वाक्य प्रश्न करून त्याच्या तोंडात घातलं होतं. विंगेत सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या होत्या. ‘काय सांभाळून घेतलंस!’ आम्हा नाटकवेड्यांत याहून मोठी शाबासकी नाही.

माझ्या तोंडून गेलं, “म्हणजे त्या रात्री तुम्ही बोटीवर नव्हतात, असं म्हणायचंय?”

“नव्हतोच,” कप्तान म्हणाला. आणि पुढचा सगळा प्रवेश असा वाहिला की माझ्या अंगावर काटा आला.

त्यांच्या लक्षात आलं नाही. मी थांबून सांगायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या प्रवेशातही केलं. तिसऱ्यातही. त्यांच्या डोळ्यांतला दिवा विझायच्या आधीच मला चाहूल लागायची, आणि मी माझ्या वाक्यात त्यांचा शब्द अलगद ठेवून द्यायचो. मोकळेपणाने सांगायचं तर ती दया नव्हती. निदान नुसती दया नव्हती. दिवसभर प्रोजेक्टच्या मीटिंगा घेणारा मी, इतक्या वर्षांनी पुन्हा विंगेत उभा होतो आणि मला ते झकास जमत होतं. ते टेप परत बघायचे तेव्हा मी चहा करायला आत जायचो. “आज बरा होतो का मी?” बाहेरून विचारायचे. मी आतून म्हणायचो, “फर्स्ट क्लास.”

भूमिका मिळाली. लंडनहून निरोप आला, संवाद फार नैसर्गिक वाटले म्हणे. त्यांनी आम्हाला खारट काळ्या गोळ्या वाटल्या, डेन्मार्कात मुलं त्या आवडीने चघळतात. माझ्या मुलीने ती तोंडातून काढून टिश्यूत गुंडाळली. ते बुडापेस्टला चित्रीकरणाला गेले. मी लिफ्टपाशी हात हलवला.

ठरल्यापेक्षा फार लवकर परत आले. लिफ्टमध्ये भेटले. दार पायाने अडवलं नाही. आभारही मानले नाहीत. वर जाणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिले.

काय झालं ते त्यांच्या लेकीने एमआरटी रेल्वेच्या फलाटावर सांगितलं. पहिल्याच दिवशी, भरल्या सेटवर, ते कोर्टाच्या पिंजऱ्यात थिजले. पुन्हा. पुन्हा. मग त्यांच्या कानात छोटं यंत्र बसवलं आणि कुणीतरी वाक्यं सांगू लागलं, तर कानातलं वाक्य आणि समोरच्याचं वाक्य यांत ते हरवले. शेवटी दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर, फार प्रेमाने, त्यांना खुर्ची दिली. दुसऱ्या नटाला बोलावलं. “डॉक्टर विचारतात, आधी काही खूण दिसली नव्हती का?” ती म्हणाली. “मला नाही दिसली. तुम्ही तर दर रविवारी असायचात.”

गाडी आली. मी चढलो नाही. तिला ‘माझं काम आहे इथे’ असं काहीतरी सांगितलं.

रविवारी त्यांनीच दार वाजवलं. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीवर जुन्या टेप लावल्या होत्या. आणि ते खुर्चीत जाऊन बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मीच खिडकीशी आणि दाराशी येरझारा घालू लागलो.

पडद्यामागून माझा आवाज येत होता. “म्हणजे त्या रात्री तुम्ही बोटीवर नव्हतात...”

त्यांनी टेप थांबवली. “वकील इतका का बोलतोय?”

मी गप्प.

“आता गप्प राहतोस. तेव्हा का नाही राहिलास?”

“मी... सांभाळून घेतलं.” इंग्रजीत त्याला नीट शब्दही सापडेना मला. “आमच्याकडे जोडीदार अडला की...”

“मी अडलो नव्हतो. मी जात होतो.” आवाज चढलेला नव्हता. “मला दाराशी उभं राहून सगळ्यांना हात करायचा होता, शेजारी. तू मला ते दार दिसूच दिलं नाहीस. मग परक्या लोकांसमोर त्या दारावर आपटलो.”

मी म्हणालो, मला माफ करा. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आजही ठरवता येत नाही.

लेकीने इथलं काम सोडायचं ठरवलं. दोघं डेन्मार्कला परतणार होती. सामान बांधणं चालू असताना त्यांनी पुन्हा बोलावलं. हॉल रिकामा, फुली मात्र जागेवर. “एक शेवटची टेप. संहिता नाही. नियम माहीत आहे?”

“माहीत आहे.”

ते फुलीवर उभे राहिले. खांबासारखे. मी फोन धरला. ते इंग्रजीतच बोलले, एजंटसाठी, आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्या सगळ्यांसाठी. “मी एक डेनिश नट. पुष्कळ देशांत मेलो. सगळीकडे तुम्ही मला नीट उचलून ठेवलंत, आभार. आता मी थांबतोय. मला शब्द सापडत नाहीत, म्हणून. मी माझ्या गावी जातोय. गावाचं नाव...”

आणि दिवा विझला.

गावाचं नाव मला ठाऊक होतं. शंभरदा ऐकलं होतं. बंदर, वडलांची मासेमारीची बोट, सगळं. नाव माझ्या दातांच्या मागे येऊन उभं राहिलं. बाहेर कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ते माझ्याकडे बघत होते. फोन मी दोन्ही हातांनी धरला. मी जीभ चावून उभा राहिलो. भिंत.

बऱ्याच वेळाने त्यांच्या भुवईतला तो व्रण हलला. “नाव मला आठवत नाही,” ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. “पण गावाला माझं आठवेल. या कधी. वारा फार असतो, टोपी आणा.” आणि मग, “कट.”

टेप तशीच पाठवली. ती पोकळी त्यांनी मला कापू दिली नाही.

जायच्या दिवशी टॅक्सी गेटपाशी उभी होती. मुलगी शाळेच्या गणवेशातच खाली आली. तिला बघून ते “ले जाओ...” म्हणाले आणि थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. नुसती जवळ जाऊन त्यांना बिलगली.

मग ते टॅक्सीत बसले. दार लावताना पाय मध्ये घातला. किंचित वाकले.

“मागच्या वेळेबद्दल आभार, शेजारी.”

याला उत्तर असतं. त्यांनीच शिकवलं होतं, आपणही उलट आभार मानायचे. माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते पुढचे शब्द शोधतायत की बोलणं संपवतायत हे कळेना, आणि मी गप्प राहिलो. त्यांनी पाय आत घेतला.